गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख: काळी, मऊ आणि कपाळाला न झोंबणारी कशी करायची?

आगाशी_वाडी
यंदा, २०२६ मध्ये, भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. ईस्टरआधीचा ख्रिस्ती प्रायश्चित्तकाळ त्या दिवशी सुरू होतो आणि गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळाला लावतात. धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गेल्या वर्षीच्या झावळ्या आणि पात्यांचे क्रूस गोळा करायला टोपली ठेवली आहे. दरवर्षी राखेबद्दल त्याच तीन तक्रारी येतात. ती पांढुरकी होते आणि कपाळावर दिसत नाही, तिच्यात खर राहते, किंवा कुणाच्या तरी कपाळाची आग होते. वेदीची तयारी पाहणाऱ्यांनी कृती नीट, प्रमाणासकट लिहावी. वसई, उत्तन, मुंबई, गोवा, जिथली पद्धत माहीत असेल तिथली लिहा.

वेदीसेवक
या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: झावळ्या पूर्ण जळू दिल्या जातात. पूर्ण जळाल्यावर उरतात ते फक्त क्षार. त्यांचा रंग राखाडी-पांढरा असतो आणि ते झोंबतात. आपल्याला हवा आहे तो अर्धवट जळलेला काळा कोळसा, म्हणून सगळी कृती हवा वेळेवर तोडण्याभोवती फिरते.

आधी निवड. क्रूसांना बांधलेला दोरा, रिबन, स्टेपलरची पिन, प्लॅस्टिकचं फूल, सगळं काढा. रिबन बहुतेक वेळा नायलॉनची निघते. ती वितळून राखेत गोळ्या होतात आणि त्या चाळणीतूनही जात नाहीत. नारळाच्या पात्यातला हीर ओढून बाजूला करा. खर येते ती हिरामुळेच, कारण पातं जळून चुरा झालं तरी हीर काडीसारखा अख्खा राहतो. मग पाती दोन-तीन इंचांचे तुकडे करून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वर्षभर भिंतीवर असलेलं पातं कोरडं वाटतं, पण त्यानं पावसाळ्यात ओल धरलेली असते.

जाळायचे दोन प्रकार आहेत.

पहिला घमेल्याचा. लोखंडी घमेलं उघड्यावर, वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. एका वेळी दोन-तीन मुठीच टाका. ज्वाळा बसली आणि तुकडे काळे असून कडा लाल दिसू लागल्या की लगेच दुसरं घमेलं पालथं घाला आणि फटींवर ओलं गोणपाट गुंडाळा. इथे मिनिटभर उशीर झाला की कडा पांढऱ्या पडायला लागतात.

दुसरा डब्याचा. जिथे माणसं जास्त आहेत तिथे हाच बरा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या आणि झाकणाला खिळ्यानं एकच भोक पाडा. पाती दाबून भरा, झाकण लावा, डबा चुलीवर किंवा शेकोटीत ठेवा. भोकातून आधी पांढरी वाफ येते, मग पिवळसर धूर, आणि तो धूर पेटही घेतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. धूर थांबला की आतलं काम झालं. दोन-तीन लिटरच्या डब्याला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. डबा उतरवून भोक ओल्या मातीनं बुजवा. आत हवा शिरतच नाही, त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकसारखा काळा कोळसा मिळतो.

दोन्ही प्रकारांत रात्रभर उघडू नका. गरम असताना उघडलं की निखारे पुन्हा फुलतात. थंड वाटणारी राखही २४ तास प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कपाटात ठेवू नका. आणि बंद खोलीत हे अजिबात करायचं नाही, त्या धुरानं गुदमरायला होतं.

नंतर खलबत्त्यात कुटा, चहाच्या गाळणीतून चाळा, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून चाळा. दोन बोटांत चोळल्यावर काजळासारखी लागली पाहिजे. चहाच्या एका चमच्यात शंभरेक कपाळं सहज होतात, म्हणजे हजार माणसांच्या चर्चला दहा-बारा चमचे पुरतात. लोक गरजेपेक्षा कितीतरी जास्त जाळतात.

सुमन_ग
राख भिजवायची कशात? काही ठिकाणी पाण्यात कालवतात, काही ठिकाणी तेलात.

वेदीसेवक
कोरडी ठेवली तरी चालते, अंगठ्याला पुरेशी चिकटते. हवंच असेल तर एका चमच्याला शुद्ध खोबरेलाचे किंवा ऑलिव्ह तेलाचे चार-पाच थेंब. राख ओलसर वाटली पाहिजे, तिचा लगदा होता कामा नये. तेल जास्त झालं की घामाबरोबर ओघळून भुवईपर्यंत येतं. आशीर्वादित क्रिझ्मा तेल (बाप्तिस्मा, दृढीकरण यांचं) यासाठी वापरायचं नाही, त्याचं काम वेगळं आहे.

आशीर्वादाच्या वेळी फादर राखेवर पवित्र पाणी शिंपडतात. म्हणून राख पसरट ताटलीत पातळ थरात ठेवा म्हणजे दोन-चार थेंबांत ती भिजून जात नाही. खोल वाटीत पाणी तळाला साचतं आणि शेवटच्या रांगेतल्या लोकांच्या कपाळावर चिखल येतो.

क्षारोदक
कपाळाची आग का होते ते सांगतो, कारण हे नुसतं ‘नाजूक त्वचा’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

वनस्पतीच्या पांढऱ्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट आणि कॅल्शियमचे क्षार असतात. पूर्वी राखेनं भांडी घासायचे आणि राखेच्या पाण्यानं कपडे धुवायचे ते याच क्षारांच्या जोरावर. राख पाण्यात कालवून ठेवली की क्षार पाण्यात उतरतात आणि पाणी झोंबरं होतं. आदल्या रात्री कालवून ठेवलेली राख म्हणूनच सगळ्यात वाईट. तिनं त्वचा लाल होते, फोडही येऊ शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना जास्त त्रास होतो.

घरच्या घरी तपासता येतं. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पसरवा आणि वाळू द्या. चिमूटभर राख दोन थेंब पाण्यात भिजवून त्या कागदावर ठेवा. पिवळा रंग तसाच राहिला किंवा अगदी हलकी तांबूस छटा आली तर हरकत नाही. गडद लाल डाग उठला तर त्या राखेत पांढरा भाग खूप आहे. हळद चुन्यानं लाल होते, तोच हा गुण.

अशी राख फेकायची गरज नाही, ती धुता येते. आशीर्वाद व्हायच्या आधी, पातेलंभर पाण्यात ढवळा, तासभर खाली बसू द्या, वरचं पाणी हळूच ओता. तीनदा करा. विरघळणारे क्षार निघून जातात, कोळसा तळाशी राहतो. मलमलवर पसरवून उन्हात वाळवा आणि पुन्हा चाळा. हळदीच्या कागदावर पुन्हा बघा.

आणि कुणाला झोंबलंच तर भरपूर साध्या पाण्यानं धुवा. चोळू नका, वर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका.

उत्तन_किनारा
हळदीच्या कागदाबद्दल धन्यवाद, हे प्रत्येक सॅक्रिस्टीत (चर्चच्या तयारीच्या खोलीत) लिहून लावायला हवं.

एक विचारायचं आहे. झावळ्या कमी जमल्या तर बाजारचा कोळसा कुटून मिसळला तर?

वेदीसेवक
नको. ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या फांद्यांची असावी, असं मिस्साग्रंथातच, म्हणजे मिस्साविधीच्या पुस्तकातच आहे. येरुशलेममध्ये ज्यांनी प्रभूचं स्वागत केलं त्याच झावळ्या वर्षानं राख होऊन आपल्या कपाळावर येतात. या विधीतलं सगळ्यात बोलकं तेच आहे. बाजारचा कोळसा मिसळला की ते जातं. उदबत्तीची राखही नको, तिच्यात वास आणि रंग मिसळलेले असतात. कमी पडली तर शेजारच्या धर्मग्रामाकडून मागून घ्या, चमचाभर राख कुणीही आनंदानं देईल.

वाचक_विरार
कपाळावर क्रूस काढणं आणि डोक्यावर राख टाकणं, यातलं योग्य काय?

वेदीसेवक
दोन्ही. आपल्याकडे अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढतात. इटली आणि पोलंडमध्ये टाळूवर चिमूटभर कोरडी राख टाकण्याची रीत जुनी आहे. करोनाच्या काळात १२ जानेवारी २०२१ ला व्हॅटिकनच्या उपासनाविषयक खात्यानं सूचना काढली होती: शब्द सगळ्यांसाठी एकदाच म्हणायचे, मग हात स्वच्छ करून, मास्क लावून, प्रत्येकाच्या डोक्यावर न बोलता राख टाकायची. टाकण्यासाठी राख पूर्ण कोरडी हवी, तेल लावलेली चालत नाही.

आजाऱ्यांना घरी राख न्यायची असेल तर आशीर्वाद फादर किंवा डीकन देतात, पण लावायला नेमलेले प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले) सेवकही जाऊ शकतात. लहान काचेच्या बाटलीत न्या, बिछान्यावर सांडत नाही.

पंचांग_आणि_कॅलेंडर
तारखांचं थोडं लिहितो. दरवर्षी ‘यंदा इतक्या लवकर कसं’ असा प्रश्न येतो.

२१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ईस्टरपासून ४६ दिवस मागे गेलं की भस्म बुधवार. ४६ दिवसांतले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात.

आपल्या पंचांगाशी हे किती जुळतं ते पाहा. यंदा पौर्णिमा २ एप्रिलला, म्हणजे पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी. ईस्टर ५ एप्रिलला. बहुतेक वर्षी ईस्टर चैत्र पौर्णिमेच्या मागोमाग येतो. पण २०२४ मध्ये तो फाल्गुन पौर्णिमेच्या मागे आला: २५ मार्चला धुळवड, ३१ मार्चला ईस्टर. २०२७ मध्येही तेच, २२ मार्चला होळी पौर्णिमा आणि २८ मार्चला ईस्टर. त्या वर्षी भस्म बुधवार १० फेब्रुवारीलाच असेल, तेव्हा झावळ्या गोळा करायची टोपली जानेवारीतच ठेवा.

२०१९ चं कोडं अनेकांना आठवत असेल. पौर्णिमा २१ मार्चला सकाळी होती, धुळवडही त्याच दिवशी. मग ईस्टर २४ मार्चला का नाही, २१ एप्रिलला का? कारण ख्रिस्तसभा आकाशातली पौर्णिमा न पाहता १९ वर्षांच्या चक्राच्या कोष्टकातली पौर्णिमा धरते. कोष्टकाप्रमाणे त्या वर्षीची पौर्णिमा १८ एप्रिलला होती. एरवी कोष्टक आणि आकाश यांत एखाद्या दिवसाचाच फरक असतो, पण तो नेमका २१ मार्चच्या उंबरठ्यावर पडला की ईस्टर थेट महिनाभर पुढे सरकतो.

ईस्टर लवकरात लवकर २२ मार्चला येऊ शकतो. तसा तो १८१८ मध्ये आला होता, पुढचा २२८५ मध्ये. उशिरात उशिरा २५ एप्रिल: मागचा १९४३ मध्ये, पुढचा २०३८ मध्ये. आणि १४ फेब्रुवारीला भस्म बुधवार २०१८ आणि २०२४ मध्ये आला होता, पुन्हा २०२९ मध्ये येईल.

सुमन_ग
त्या दिवशी उपास नेमका कुणी करायचा? घरात दरवर्षी वाद होतो. आणि सुकट, बोंबील चालतात का?

वाचक_विरार
मासळी चालते, मांस नाही. मांसवर्जन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर सगळ्यांना. उपास १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. उपासाचे सक्तीचे दिवस दोनच: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट आहे. मधुमेहाची गोळी चुकवून उपास करू नये, त्यानं साधत काहीच नाही.

माडबागायत
झावळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. झावळ्यांचा रविवार २९ मार्चला आहे आणि त्याच्या आदल्या दिवशी वाडीवाडीत कोयते चालतात.

क्रूस विणायला पिवळसर कोवळं पातं छान वळतं, म्हणून लोक माडाचं मधलं, न उघडलेलं पान ओढून काढतात. हे कृपा करून थांबवा. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. फांदी छाटली तर आंब्याला दुसरी फुटते, तसं माडाचं नाही. मधला गाभा दुखावला की झाड मरू शकतं. वाचलं तरी वर्षाला जेमतेम बारा-चौदा पानं येणाऱ्या झाडाचं एक पान गेलं, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय (नारळाचा फुलोरा) असते.

दुसरा धोका किडीचा. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेर कळतं तेव्हा शेंडा कोलमडायच्या बेतात असतो. म्हणून हिरवी झावळी तोडायचीच झाली तर:

खालच्या थरातली घ्या. खोडाला लागून तोडू नका, देठ चार फूट (१२० सेंटीमीटर) राखून तोडा, म्हणजे अळी खोडात शिरण्याआधी देठ वाळून जातो. एका झाडाची एकच घ्या. खोडाला कोयता लागलाच तर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी बादली नको. मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

कोवळं पातं हवंच असेल तर बांधकामासाठी किंवा वादळात पडलेल्या माडाचं घ्या. नाहीतर उघडलेल्या पानांतलं सगळ्यात वरचं सोडून त्याखालचं घ्या आणि पाती ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत लवचीक राहतात. फ्रिजमध्ये कागदात गुंडाळूनही टिकतात, पण पाण्यात बुडवून ठेवलेली पाती काळी पडतात.

क्रूसासाठी बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या, एक फूटभर, एक वीतभर. लांब पट्टी दुमडून उभा दांडा करा. आखूड पट्टी आडवी, तीही दुमडलेली. उभ्या पट्टीचं एक टोक मोकळं ठेवा आणि जोडावर दोन्ही तिरक्या दिशांनी एकेकदा गुंडाळून मागच्या घडीत खुपसा. पातं वाळताना आक्रसतं, म्हणून आज घट्ट वाटणारी गाठ आठवड्यानं सैल होते. जितकं घट्ट ओढता येईल तितकं ओढा. असं केलं तर दोरा, पिन काहीच लागत नाही आणि पुढच्या वर्षी वेदीसेवकांचं निवडण्याचं काम वाचतं.

पंचांग_आणि_कॅलेंडर
हाच सोंड्या भुंगा १९९० च्या दशकात स्पेनमध्ये पोचला. तिथल्या एल्चे गावात खजुरीची पानं महिनोन्महिने बांधून, ऊन न लागू देता पांढरी ठेवतात आणि झावळ्यांच्या रविवारसाठी विणतात. ती खजुरीची बाग २००० सालापासून जागतिक वारशात आहे आणि आपल्या आशियातल्या या भुंग्याशी झगडते आहे. कोलंबियात अडचण वेगळी होती. तिथे या सणासाठी मेणमाड तोडला जायचा. तो त्यांचा राष्ट्रीय वृक्ष, १९८५ पासून. पिवळ्या कानांचा एक दुर्मीळ पोपट त्याच झाडात घरटं करतो. मग ख्रिस्तसभा आणि निसर्गप्रेमी मिळून लोकांना दुसऱ्या झाडांची पानं वापरायला सांगू लागले. पोलंडमध्ये माडच नाहीत, तिथे विलोच्या कळ्यांच्या डहाळ्या चालतात. इटलीत ऑलिव्ह. म्हणजे माडाचं कोवळं पानच हवं असा कुठेही नियम नाही.

गोंयकार_पुण्यात
गोव्यातल्या दोन गोष्टी. पवित्र गुरुवारच्या मिस्सात गौरवगीतानंतर घंटा बंद होतात त्या पाश्खा जागरणाच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या मिस्साच्या, गौरवगीतापर्यंत. तोवर लाकडी मात्राका वाजवतात: जाड फळी आणि तिच्यावर आपटणारी लोखंडी कडी. वर्षभर पडून कडीचा खिळा गंजतो आणि ऐन वेळी आवाज दबका येतो. आठवडाभर आधी तेल घालून ठेवा. फळी सागवानाची असेल तर आवाज कोरडा आणि लांब जातो.

दुसरी, गोवा वेल्हा इथली संतांची मिरवणूक. प्रायश्चित्तकाळातल्या पाचव्या रविवारनंतरचा सोमवार, म्हणजे यंदा २३ मार्च. संतांचे पुतळे खांद्यावर घेऊन निघतात. पुतळे जवळून पाहायचे तर मिरवणूक निघायच्या बरंच आधी सेंट अँड्र्यू चर्चमध्ये पोचा.

आगाशी_वाडी
पाश्खाच्या मेणबत्तीचंही कुणी लिहाल का? आकडे आणि खिळे कुठे येतात यावर दरवर्षी गोंधळ होतो.

वेदीसेवक
मेणबत्ती खऱ्या मेणाची, दरवर्षी नवी, आणि एकच. आत तेलाची कुपी असलेली प्लॅस्टिकची नळकांडी नको.

मधोमध क्रूस. वर आल्फा, खाली ओमेगा. सालाचे चार आकडे क्रूसाच्या चार कोपऱ्यांत: २ वर डावीकडे, ० वर उजवीकडे, २ खाली डावीकडे, ६ खाली उजवीकडे. धुपाचे पाच दाणे पाच जखमांसाठी. क्रम असा: पहिला वर, दुसरा मध्यभागी, तिसरा खाली, चौथा डावीकडे, पाचवा उजवीकडे. डावं-उजवं पाहणाऱ्याच्या बाजूनं धरायचं. दाणे मेणाच्या लाल खिळ्यांत बसवलेले मिळतात. थंड मेणात खिळा दाबला की मेणबत्तीला चीर जाते, म्हणून दुपारीच गरम सुईनं पाच भोकं करून ठेवा.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली उभी ठेवलेली मेणबत्ती वाकते. सपाट फळीवर आडवी, सावलीत ठेवा. वात पाव इंच ठेवून कापा, लांब वातीला काजळी धरते. अग्नी पेटवायच्या ठिकाणी वारा असतोच, तेव्हा काचेची टोपी बरोबर हवी.

जागरण अंधार पडल्यावरच सुरू करायचं असतं. त्यामुळे मैदानावर लाऊडस्पीकर असेल तर रात्री १० ची मर्यादा आड येते. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ईस्टरची रात्र त्या वर्षीच्या यादीत आहे का ते जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच पाहा. नसेल तर साडेसातला सुरुवात करा आणि वाचनं चर्चच्या आत, बंद दारांत घ्या.

उत्तन_किनारा
शेवटचं एक. बुधवारी उरलेल्या आशीर्वादित राखेचं काय करायचं? पुढच्या वर्षी वापरता येते का?

वेदीसेवक
ठेवायची नाही. दमट हवेत तिला ओल लागते आणि मग वर क्षारोदक यांनी सांगितलेलंच होतं. कचऱ्यात किंवा गटारात जाऊ देऊ नका. चर्चच्या आवारात, पायाखाली येणार नाही अशा जागी वीतभर खड्डा करून पुरा. ताटली धुतलेलं पाणीही तिथेच ओता. झाडाच्या मुळाशी चालतं, फक्त अळूच्या किंवा भाजीच्या वाफ्यात एकाच जागी सगळी नको, तिथली माती खारी होते. हिरांची जुडी उरली असेल तर तीही जाळून त्याच खड्ड्यात टाका, आशीर्वादित झावळीचाच भाग आहे तो.

आगाशी_वाडी
शनिवारी डब्याच्या पद्धतीनं करतो आहोत. हळदीचे कागद आजच वाळत घातले.